राजीनामा दिलेला इतिहासकार : गाएतानो साल्वेमिनी

५ नोव्हेंबर १९२५. फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या कुलगुरूंना लंडनहून एका प्राध्यापकाने पत्र लिहिले. पत्र अगदी छोटे आहे. त्याचा आशय असा : फॅसिस्ट हुकूमशाहीने जे स्वातंत्र्य संपवले, त्याच्यावाचून विद्यापीठात इतिहास शिकवण्याला काही प्रतिष्ठा उरत नाही. अशा काळात इतिहासाचा वर्ग एकतर सत्ताधारी पक्षाची भाटगिरी करतो, नाहीतर शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या विवेकाशी नाते तुटलेली कोरडी पंडिती तेवढी उरते. म्हणून आपण पद सोडत आहोत. देशाला पुन्हा सुसंस्कृत सरकार लाभेल, तेव्हा अध्यापनाच्या सेवेत परत येऊ.

पत्र लिहिणारे गाएतानो साल्वेमिनी तेव्हा बावन्न वर्षांचे होते. परत यायला त्यांना चोवीस वर्षे लागली. आजचा हा धागा त्यांच्या अध्यापकीय आयुष्याविषयी आहे.

मराठी वाचकाला इटलीचा इतिहास बहुधा मॅझिनी आणि गॅरिबाल्डी यांच्यापाशी भेटतो आणि तिथेच संपतो. एकीकरणानंतर त्या देशात काय झाले, एवढ्या उदात्त स्वप्नातून साठ वर्षांच्या आत मुसोलिनी कसा निपजला, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. साल्वेमिनींनी तो आयुष्यभर विचारला. त्यांच्या उत्तरांपैकी काही आज मान्य होणारी नाहीत. प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत मात्र अजून जुनी झालेली नाही.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १८७३ चा, इटलीच्या टाचेकडच्या पुलिया प्रांतातील मोल्फेत्ता या बंदराच्या गावचा. घर गरीब, माणसे पुष्कळ. वडील एकेकाळी गॅरिबाल्डींच्या स्वयंसेवकांत होते. शिक्षण धर्मपीठाच्या शाळेत झाले आणि लॅटिन पाद्री असलेल्या काकांकडून मिळाले. दक्षिण इटलीतल्या अशा मुलाला पुढे जाण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. १८९० मध्ये फ्लॉरेन्सच्या उच्च शिक्षण संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली आणि सतरा वर्षांचा हा मुलगा उत्तरेकडे गेला. हीच संस्था पुढे १९२४ मध्ये फ्लॉरेन्स विद्यापीठ झाली.

तिथे गुरू लाभले पास्क्वाले विल्लारी. सावोनारोला आणि मॅकियाव्हेली यांचे चरित्रकार म्हणून विल्लारी युरोपभर ख्यातनाम होते. पण ते स्वतः नेपल्सचे, आणि दक्षिणेच्या दारिद्र्याविषयी उत्तरेला जागे करणारी पत्रे त्यांनीच लिहिली होती. जुन्या दफ्तरांत बुडालेला माणूस आजच्या दुःखाविषयीही बोलू शकतो, हे शिष्याने गुरूकडे पाहिले. विल्लारी हे नाव लक्षात ठेवावे. ते या कथेत पुन्हा येणार आहे, वेगळ्या बाजूने.

साल्वेमिनींचा पहिला मोठा ग्रंथ १८९९ चा. विषय तेराव्या शतकातील फ्लॉरेन्स : १२८० ते १२९५ या पंधरा वर्षांत तिथले सरदार आणि व्यापारी-कारागीर एकमेकांशी का झगडले. तोवर या झगड्याकडे घराण्यांची वैरे आणि पक्षांची भांडणे म्हणून पाहिले जाई. साल्वेमिनींनी हिशेबाच्या वह्या, करार आणि कायदे उलगडून सांगितले की, धान्य कोण पिकवतो, कोण विकत घेतो आणि कराचा बोजा कोणावर पडतो, हे पाहिल्याखेरीज तो संघर्ष कळायचा नाही. वर्गसंघर्षाची कल्पना मार्क्सकडून आलेली होती, पण पुरावा फ्लॉरेन्सच्या दफ्तरखान्यातला होता. या ग्रंथाने इटलीतील मध्ययुगाच्या अभ्यासाची दिशा बदलली. त्या वेळी लेखकाचे वय होते पंचवीस-सव्वीस.

याच वळणावर दुसरा एक तरुण उभा होता : जोआक्कीनो वोल्पे. साल्वेमिनींहून अडीच वर्षांनी लहान, तोही मध्ययुगाचाच अभ्यासक, तोही अर्थव्यवस्था आणि कायदा यांतून इतिहास वाचणारा. पुढची चाळीस वर्षे या दोघांच्या वाटा ज्या रीतीने फाकल्या, ती पाहिली की केवळ अभ्यासपद्धतीवरून इतिहासकाराची निवड ओळखता येत नाही हे ध्यानात येते.

पालेर्मो, फाएंझा, लोदी अशा गावांच्या शाळांत काही वर्षे शिकवल्यावर १९०१ मध्ये सिसिलीतील मेसिना विद्यापीठात त्यांना अध्यासन मिळाले. अठ्ठाविसाव्या वर्षी प्राध्यापकपद ही त्या काळी मोठी गोष्ट होती. मेसिनात त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर ग्रंथ लिहिला, माध्यमिक शिक्षकांची देशव्यापी संघटना उभारायला हात लावला, समाजवादी पक्षात वाद घातले, आणि १९०५ मध्ये मॅझिनीच्या विचारांवर एक छोटे पुस्तक काढले.

या पुस्तकापाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे. कारण जवळपास त्याच सुमारास, १९०७ मध्ये, विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये राहून केलेले मॅझिनीच्या लेखनाचे मराठी भाषांतर महाराष्ट्रात प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना तरुणांनी तोंडपाठ केल्याच्या आठवणी आहेत आणि पुढे सरकारने त्या पुस्तकावर बंदीही घातली. सावरकरांचा मॅझिनी हा गुरू आहे, मंत्र देणारा आहे. साल्वेमिनींचा मॅझिनी हा तपासायचा पुरावा आहे. मॅझिनीच्या त्यागाविषयी, चिकाटीविषयी त्यांना आदर होता, एकराष्ट्राची कल्पना त्याने जनमानसात रुजवली हेही ते मान्य करत. पण ‘ईश्वर आणि जनता’ या त्याच्या सूत्राच्या पोटात एक प्रकारची धर्मसत्ता दडलेली आहे, त्यात मतभेदाला जागा थोडी आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. एकच माणूस, पारतंत्र्यातल्या देशाला त्याच्यात दीक्षा सापडली आणि स्वतंत्र झालेल्या देशातील इतिहासकाराला धोका दिसला. दोघांचेही वाचन आपापल्या जागी समजण्यासारखे आहे.

२८ डिसेंबर १९०८ च्या पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी मेसिना शहर कोसळले. भूकंपामागोमाग समुद्र आत आला. सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर मिळून पाऊण लाखाहून अधिक माणसे गेली असे मानले जाते. साल्वेमिनी खिडकीपाशी होते. भिंतीच्या तुळईखाली सापडून वाचले. पत्नी मारिया, पाचही मुले आणि बहीण गेली. सर्वांत धाकट्या उगोचे प्रेत सापडले नाही. ढिगाऱ्यातून कुणी त्याला उचलून नेले असेल, कुठल्याशा अनाथालयात तो वाढत असेल, या आशेने वडील पुढे कितीतरी काळ चौकशी करत राहिले.

या प्रसंगावर त्यांनी स्वतः फार थोडे लिहिले आहे. चरित्रकारही इथे सहसा आवाज खाली आणतात. एवढे नोंदवावे की पस्तिसाव्या वर्षी या माणसाचे घर, ग्रंथसंग्रह, शहर आणि विद्यापीठ एकाच पहाटे नाहीसे झाले, आणि त्यानंतर चौदा-पंधरा महिन्यांतच त्यांनी देशाच्या पंतप्रधानावर आयुष्यातले सर्वांत धारदार पुस्तक लिहिले.

तो पंतप्रधान म्हणजे जोव्हान्नी जोलित्ती, आणि १९१० सालच्या त्या पुस्तकाचे नाव मराठीत ‘गुंडांचा मंत्री’ असे करता येईल. उत्तरेत उदारमतवादी म्हणून मिरवणारे सरकार दक्षिणेत निवडणुका कशा जिंकते, याची ती जंत्री आहे. जिल्हाधिकारी कसे दबाव आणतात, विरोधी मतदारांना ऐन मतदानाच्या दिवशी कोठडीत कसे टाकतात, लाठीवाल्या टोळ्या पोलिसांच्या देखत रस्ते कसे अडवतात, हे गावांच्या नावांनिशी मांडलेले आहे. तेराव्या शतकातले फ्लॉरेन्स ज्या डोळ्यांनी वाचले, त्याच डोळ्यांनी त्यांनी आपल्या प्रांताचे मतदान वाचले. फरक एवढाच की या वेळचे साक्षीदार जिवंत होते आणि त्यांना मार पडत होता.

१९१० मध्ये ते पिसा विद्यापीठात आले, १९१६ मध्ये फ्लॉरेन्सला. दरम्यान समाजवादी पक्ष सोडला, कारण उत्तरेतल्या संघटित कामगारांपलीकडे दक्षिणेतला भूमिहीन शेतकरी पक्षाला दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९११ पासून ‘लुनिता’ हे साप्ताहिक चालवले. ग्राम्शींनी १९२४ मध्ये काढलेल्या कम्युनिस्ट दैनिकाचे नावही हेच. अनेकांचा इथे घोटाळा होतो. ग्राम्शी तरुणपणी साल्वेमिनींच्या लेखनाचे वाचक होते, त्यामुळे नावाचे हे साम्य अगदीच परके नाही.

याच काळातला एक निर्णय त्यांच्या खात्यावर जड आहे. १९१५ मध्ये इटलीने महायुद्धात उतरावे, अशी बाजू त्यांनी घेतली. ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले म्हणजे युरोपातील लहान राष्ट्रे मोकळी होतील, अशी त्यामागची धारणा. पण युद्धात उतरण्याच्या त्या चळवळीतच, संसदेला बाजूला सारून रस्त्यावरून निर्णय लादण्याची चटक इटलीला लागली, आणि त्याच गर्दीत समाजवादी पक्षातून हाकलला गेलेला बेनितो मुसोलिनी नावाचा संपादकही होता. साल्वेमिनींचा हेतू वेगळा होता, हे खरे. पण परिणाम हेतू विचारून येत नाहीत, आणि त्यांच्या चाहत्यांनी हे प्रकरण जितक्या घाईने उरकले आहे तितक्या घाईने ते उरकता येत नाही. युद्ध संपल्यावर दाल्मातियाचा स्लाव्ह किनारा गिळण्याची मागणी राष्ट्रवाद्यांनी केली, तेव्हा साल्वेमिनींनी तिला ठाम विरोध केला. त्याबद्दल त्यांना ‘स्लावेमिनी’ अशी शिवी मिळाली. १९१९ ते १९२१ ते संसदेत होते. संसद त्यांना मानवली नाही.

मग फॅसिझम आला. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी पंतप्रधान झाला. १० जून १९२४ रोजी विरोधी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांचे रोममध्ये भरदिवसा अपहरण होऊन खून झाला. फ्लॉरेन्समध्ये साल्वेमिनींभोवती तरुणांचा एक गट जमला होता : अर्थशास्त्राचा अभ्यासक कार्लो रोस्सेल्ली, त्याचा धाकटा भाऊ नेल्लो, एर्नेस्तो रोस्सी. नेल्लो हा साल्वेमिनींचा विद्यार्थी. मॅझिनी आणि बाकुनिन यांच्यावर त्याने केलेले संशोधन आजही वाचले जाते. या मंडळींचे चर्चामंडळ फॅसिस्टांनी १९२४ च्या शेवटच्या दिवशी उद्ध्वस्त केले. जानेवारी १९२५ मध्ये त्यांनी चोरून एक पत्र छापायला सुरुवात केली. नाव ‘नोन मोल्लारे’, म्हणजे ‘हार मानू नका’. मात्तेओत्ती खुनाचे धागे सरकारपर्यंत नेणारी कागदपत्रे त्यात छापली जात होती. कागद शोधणे, पडताळणे आणि लोकांपुढे ठेवणे हा इतिहासकाराचा रोजचा व्यवहार. आता त्याला तुरुंगाची शिक्षा होती.

८ जूनला रोममध्ये त्यांना अटक झाली. जुलैत फ्लॉरेन्सच्या न्यायालयात खटला उभा राहिला. बाहेर जमलेल्या फॅसिस्टांनी त्यांच्या वकिलांना आणि मित्रांना झोडपले. तात्पुरती सुटका मिळताच ऑगस्टमध्ये ते गुपचूप सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये फॅसिस्ट टोळ्या घरोघर घुसल्या आणि या पत्राशी संबंध असल्याच्या संशयावरून गुस्तावो कोन्सोलो व गाएतानो पिलाती यांना त्यांनी मारले. आरंभी सांगितलेले राजीनामापत्र त्यानंतरच्या महिन्यातले आहे. १९२६ मध्ये सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले.

इथे वोल्पेंची आठवण यावी. १९२४ मध्ये ते रोम विद्यापीठात आले आणि त्याच साली फॅसिस्टांच्या यादीतून संसदेत निवडून गेले. १९२५ च्या फॅसिस्ट बुद्धिवंतांच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. १९२९ पासून ते नव्या शाही अकादमीचे सरचिटणीस होते. दफ्तरखाने त्यांच्यासाठी उघडे होते, शिष्यांना जागा मिळत होत्या, ग्रंथ निघत होते. वोल्पे अडाणी प्रचारक नव्हते, हीच अडचणीची बाब आहे. त्यांचे मध्ययुगावरचे काम आजही अभ्यासले जाते. फॅसिस्ट चळवळीचा इतिहासही त्यांनी लिहिला. तो मात्र आज त्या काळाचा नमुना म्हणूनच उघडला जातो.

आणि बाकीचे? १९३१ च्या ऑगस्टमध्ये हुकूम निघाला की प्रत्येक विद्यापीठीय प्राध्यापकाने राजाशी आणि फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यावी. सुमारे बाराशे प्राध्यापक होते. नकार देणारे बाराच्या आसपास भरतात. त्यात गणितज्ञ व्हितो व्होल्तेर्रा, तत्त्वज्ञ पिएरो मार्तिनेत्ती, कलेचे इतिहासकार लिओनेल्लो व्हेंतूरी होते. प्राचीन इतिहासाचे थोर अभ्यासक गाएतानो दे सांक्तिस होते, जे श्रद्धाळू कॅथलिक आणि राजकारणाने पुराणमतवादी होते. धैर्य पक्ष पाहून येत नाही, हे या यादीवरून दिसते.

उरलेल्या जवळजवळ सर्वांनी शपथ घेतली, आणि त्यांना सरसकट भित्रे म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही. फॅसिझमचे कट्टर विरोधक बेनेदेत्तो क्रोचे यांनीच काहींना सल्ला दिला की शपथ घ्या, अध्यासन सोडू नका, नाहीतर पुढची पिढी पूर्णपणे त्यांच्या हाती जाईल. भूमिगत कम्युनिस्ट पक्षानेही आपल्या प्राध्यापकांना तसेच सांगितले. पोपच्या बाजूने मनात अट ठेवून शपथ घेण्याची वाट काढून देण्यात आली. पुढे प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झालेले लुइजी एइनाउदी शपथ घेणाऱ्यांपैकीच. त्यांच्या वर्गांत काही विरोधक घडलेही. साल्वेमिनींचा युक्तिवाद मात्र शिकवायच्या विषयावरून होता. गणिताच्या वर्गात कदाचित राजवट विसरता येईल. विसाव्या शतकाचा इतिहास शिकवताना ती कशी विसरणार? काल काय घडले हे जिथे सांगता येत नाही, तिथे सहाशे वर्षांपूर्वीचे सांगणे ही पळवाट ठरते, असे त्यांना वाटे. आणि तेराव्या शतकाकडे परतण्याची सोय त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला नव्हती, हे इथे विसरू नये.

वनवासात त्यांनी काय केले? वाचन. फॅसिस्ट सरकारची राजपत्रे, अधिकृत आकडेवारी, सरकारधार्जिणी वृत्तपत्रे, मंत्र्यांची भाषणे त्यांनी लंडन, पॅरिस आणि नंतर अमेरिकेत बसून ओळ न् ओळ वाचली आणि एकमेकांशी ताडून पाहिली. १९२७ मध्ये फॅसिस्ट हुकूमशाहीवरचे इंग्रजी पुस्तक, १९३२ मध्ये मुसोलिनीच्या परराष्ट्र धोरणावरचे फ्रेंच पुस्तक, आणि १९३६ मध्ये ‘अंडर द ॲक्स ऑफ फॅसिझम’. हे शेवटचे पुस्तक त्या काळाच्या एका मोठ्या भुलीला उत्तर होते. मालक आणि मजूर यांना एकत्र आणणारी ‘महामंडळांची राज्यव्यवस्था’ मुसोलिनीने निर्माण केली, वर्गसंघर्ष मिटवला, असा गाजावाजा जगभर चालला होता. साल्वेमिनींनी राजवटीच्याच कागदांतून दाखवले की ही महामंडळे बराच काळ कागदावरच होती. प्रत्यक्षात मजुरांच्या संघटना मोडल्या गेल्या, संप गुन्हा ठरला आणि मजुरी सरकारी हुकमाने कापली गेली. विरोधकांच्या साक्षी त्यांनी शक्य तिथे टाळल्या. शत्रूच्या वहीतूनच हिशेब काढला की त्याला खोडून काढणे शत्रूला जड जाते.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ते भुलणे सोपे होते. १९२६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर सरकारी पाहुणचारात इटलीत गेले आणि त्यांच्या उद्गारांचा प्रचारासाठी वापर झाला. देशाबाहेर पडल्यावर निर्वासितांकडून खरी हकिकत कळली, तेव्हा त्यांनी इंग्लंडमधील वृत्तपत्रात आपली भूमिका जाहीरपणे स्पष्ट केली. मार्च १९३१ मध्ये, म्हणजे प्राध्यापकांच्या शपथेच्या हुकमाआधी पाचच महिने, नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे रोमला गेले, मुसोलिनीला भेटले, आणि मुलांना लष्करी शिस्त देणाऱ्या बालिल्ला संघटनेची त्यांनी दैनंदिनीत वाखाणणी केली. पाहुण्याला कवायत दाखवतात. कोठडी दाखवत नाहीत. साल्वेमिनींची पुस्तके अशा पाहुण्यांच्या वाचकांसाठीच लिहिलेली होती.

लंडनमध्ये त्यांच्याविरुद्ध राजवटीची बाजू लढवणारा प्रमुख लेखक कोण होता? लुइजी विल्लारी. पास्क्वाले विल्लारी यांचा मुलगा. ज्या घरातील थोर माणसाने मोल्फेत्ताच्या गरीब मुलाला इतिहास शिकवला, त्याच घरचा वारस आता त्या मुलाला खोटे पाडण्यासाठी सरकारच्या वतीने पुस्तके आणि पत्रे लिहीत होता.

१९३४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात त्यांना इटालियन संस्कृतीच्या इतिहासाचे अध्यापन मिळाले. ही जागा ज्याच्या नावाने होती, त्या लाउरो दे बोसिस या तरुण कवीने ३ ऑक्टोबर १९३१ रोजी एकट्याने छोटे विमान चालवत रोमवर फॅसिझमविरोधी पत्रके टाकली होती आणि परतीच्या वाटेवर तो कायमचा नाहीसा झाला होता. त्याची प्रेयसी, अमेरिकन अभिनेत्री रूथ ड्रेपर हिने त्याच्या स्मरणार्थ निधी दिला. दे बोसिस राजेशाहीचा समर्थक होता आणि साल्वेमिनी कडवे प्रजासत्ताकवादी. त्याच्या नावाच्या जागेवर त्यांनी चौदा वर्षे शिकवले.

हार्वर्डमध्येच त्यांनी इतिहास आणि विज्ञान यांच्या नात्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले (१९३९). इतिहासकार पूर्णपणे निःपक्षपाती असू शकत नाही, तो दावाच खोटा, असे ते मानत. पण आपला कल कोणता आहे हे वाचकापासून लपवू नये आणि आपल्या कलाविरुद्ध जाणारा पुरावा दडपू नये, एवढी अट प्रत्येकाला पाळता येते, असा त्यांचा आग्रह होता.

या अटीची परीक्षा १९४५ मध्ये झाली. जोलित्तीच्या कालखंडावर विल्यम सालोमोने या अमेरिकेतील अभ्यासकाने पुस्तक लिहिले आणि त्याला साल्वेमिनींनी प्रस्तावना दिली. ‘गुंडांचा मंत्री’ लिहिणाऱ्या माणसाने पस्तीस वर्षांनंतर तिथे नोंदवले की, आपण आणि आपल्यासारख्यांनी जोलित्तीवर जी झोड उठवली तिचा लाभ अधिक चांगल्या लोकशाहीला झाला नाही, लोकशाहीच्या शत्रूंना झाला. पुढे काय येणार आहे हे ठाऊक असते तर आपण अधिक सबुरीने लिहिले असते. मात्र लाठ्या, कोठड्या, खोटी मतमोजणी ही तथ्ये त्यांनी मागे घेतली नाहीत. तथ्य आणि त्याचे वजन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून त्यांनी फक्त दुसरी बदलली. इटलीच्या इतिहासलेखनात ही चार-दोन पाने त्यांच्या जाडजूड ग्रंथांइतकीच वारंवार उद्धृत होतात, आणि ते योग्यच आहे.

मधल्या काळात बरेच काही गमावले होते. ९ जून १९३७ रोजी फ्रान्समधील बान्योल-द-लॉर्न या गावाजवळ कार्लो आणि नेल्लो रोस्सेल्ली या दोघा भावांचा, इटालियन हस्तकांच्या इशाऱ्यावरून फ्रेंच मारेकऱ्यांनी खून केला. एर्नेस्तो रोस्सी १९३० पासून तुरुंगात आणि मग बेटावरच्या स्थानबद्धतेत होता. घरातही शोकांतिका टळली नाही. दुसऱ्या पत्नी फेर्नांद दोरिआक यांचा पहिल्या विवाहापासूनचा मुलगा झाँ ल्युशेर नाझी ताब्यातील पॅरिसमध्ये जर्मनांच्या बाजूचा बडा पत्रकार झाला. फेब्रुवारी १९४६ मध्ये फ्रान्सने देशद्रोहासाठी त्याला गोळ्या घातल्या. फॅसिझमविरुद्ध आयुष्य वेचलेल्या माणसाच्या सावत्र मुलाची ही अखेर.

१९४९ मध्ये फ्लॉरेन्स विद्यापीठाने अध्यासन परत दिले. साल्वेमिनी शहात्तर वर्षांचे होते. पत्रात लिहिल्याप्रमाणे ते वर्गात परतले. वोल्पेंची प्राध्यापकी तोवर गेलेली होती. फॅसिझमच्या पाडावानंतर त्यांना विद्यापीठातून दूर करण्यात आले होते. परतलेल्या साल्वेमिनींना नवी इटलीही फारशी आवडली नाही. चर्चचे वर्चस्व, जुन्याच नोकरशाहीचे नव्या खुर्च्यांवर बसणे, कम्युनिस्टांची मॉस्कोनिष्ठा, सगळ्यांवर ते त्याच तिखट भाषेत लिहीत राहिले. १९५५ मध्ये लिंचेई अकादमीचा पुरस्कार आणि ऑक्सफर्डची मानद पदवी मिळाली. ६ सप्टेंबर १९५७ रोजी सोर्रेंतो येथे, चौऱ्याऐंशी पूर्ण व्हायला दोन दिवस असताना, त्यांचे निधन झाले.

फॅसिझमच्या उगमावर त्यांनी हार्वर्डमध्ये दिलेली व्याख्याने हस्तलिखितांत राहिली होती. ती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. संपादक होते रोबेर्तो व्हिव्हारेल्ली, पुढे फॅसिझमच्या आरंभकाळाचे स्वतःच एक मान्यवर इतिहासकार. २००० साली व्हिव्हारेल्लींनी एक छोटेसे आत्मकथन छापले आणि इटलीत खळबळ उडाली : महायुद्धाच्या अखेरच्या काळात, चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असताना, ते मुसोलिनीच्या सालो राजवटीच्या बाजूने स्वयंसेवक म्हणून लढले होते.